टिटवीपासून तीस पावलं

मे महिन्यातली सकाळ होती. सासवडच्या अलीकडच्या एका माळावर मी पोटावर आडवा पडलो होतो. समोर दहा-बारा फुटांवर जमिनीत एक उथळ खळगी, तिच्या कडेनं मांडलेले बारीक खडे आणि मधोमध चार अंडी. मातीच्याच रंगाची, वर काळपट ठिपके असलेली. डोक्यावर टिटवीची जोडी घिरट्या घालत ओरडत होती. मला अंड्यांवर बसलेल्या टिटवीचा फोटो हवा होता. ती काही येत नव्हती. वन्यजीवांचे फोटो काढायचे तर चिकाटी लागते, असं सगळेच सांगतात. मीही चिकाटीनं पंचवीस मिनिटं तसाच पडून राहिलो.

मागून मेंढरांचा आवाज आला. कळपाबरोबरचे म्हातारबाबा काठीवर रेलून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"सायेब, काय हरवलंय का?"

"नाही बाबा, टिटवीचा फोटो काढायचाय. येईल आता ती."

"तुमी उठल्याबिगर कशी येईल? आन् ऊन बघा की. अंडी भाजत्यात तिची."

मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून गेले होते. मी टेकलेला कोपर जमिनीवर चांगलाच चटका खात होता आणि त्याच जमिनीवर, त्याच उन्हात ती अंडी उघडी होती. बाबांनी मला उठवलं आणि एका बाभळीपर्यंत मागे नेलं. जाताना मी पावलं मोजली. तीस भरली. चार मिनिटांत टिटवी उतरली, थोडं अंतर चालत गेली, पंख किंचित पसरून अंड्यांवर उभी राहिली. तिची सावली अंड्यांवर पडली. तिथून मी फोटो काढला नाही. मला थोडी लाज वाटत होती.

घरी येऊन वाचलं, तेव्हा बाबांचं म्हणणं शब्दशः खरं असल्याचं कळलं. पक्ष्याच्या अंड्यातला जीव साधारण ३७ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानात नीट वाढतो. अंडं थोडा वेळ गार पडलं, तर वाढ मंदावते आणि ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते. पण तापमान या पट्ट्याच्या चार-पाच अंश वर गेलं, तर थोड्या वेळातही जीव जाऊ शकतो. म्हणजे उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते, ती बऱ्याचदा त्यांना ऊब द्यायला नव्हे, तर गार ठेवायला. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. हे सगळं मी पंचवीस मिनिटं अडवून ठेवलं होतं.

आपल्याकडे टिटवीचं ओरडणं अपशकुनाचं मानतात. त्या दिवशी अपशकुन मी होतो आणि तो तिच्या दारात झाला होता.

कॅमेरा हातात कसा आला

माझ्या हातात कॅमेरा आला तो रक्तातल्या साखरेमुळे. तीन वर्षांपूर्वी तपासणीत ती सीमारेषेवर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सोसायटीभोवती फेऱ्या मारून आठ दिवसांत कंटाळा आला. मग कुणीतरी सुचवलं म्हणून रविवारी गावाबाहेर जाऊ लागलो आणि काहीतरी निमित्त हवं म्हणून फोटो काढू लागलो. ते निमित्त टिकलं. आज माझ्यासारखे अनेक जण शनिवार-रविवारी कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन माळावर, तळ्याकाठी, गडावर दिसतात. हा छंद तब्येतीला चांगला आहे, यात शंका नाही. पण तो नेमका कशानं चांगला आहे आणि कुठे आपली फसवणूक करतो, हे समजून घेतलं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सुचवते. मध्यम गती म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागणारी चाल. फोटो काढत फिरणारा माणूस असा चालत नाही. दहा पावलं चालतो, थांबतो, वाकतो, पुन्हा दहा पावलं चालतो. तीन तास बाहेर काढूनही त्यात दम लागेल असं चालणं वीस मिनिटंच होतं. घरी मात्र 'आज तीन तास चाललो' असं सांगितलं जातं आणि वर मिसळही खाल्ली जाते.

यावर उपाय साधा आहे. जाताना पहिली तीस-चाळीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच ठेवायचा आणि झपझप चालायचं. ठरलेल्या जागी पोचल्यावर तो बाहेर काढायचा. परतताना पुन्हा पिशवीत. माझी साखर खाली आली ती हा नियम लावल्यानंतर, त्याआधीच्या वर्षात नाही.

मग थांबणं, बघणं हे निरुपयोगी का? तसंही नाही. २०१९ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला एकूण १२० मिनिटं किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये 'आपली प्रकृती चांगली आहे, आपण समाधानी आहोत' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. हा वेळ एका दमात काढला की तुकड्यातुकड्यानं, यानं फरक पडला नाही. अर्थात, हा दोन गोष्टींमधला संबंध आहे. निसर्गामुळेच प्रकृती सुधारली, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण दोन तास काही महाग नाहीत.

फोटो काढला की लक्षात राहतं?

अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितलं, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. कॅमेऱ्यानं पाहिलं म्हटल्यावर डोक्यानं आपलं काम सोडून दिलं होतं. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या याच संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करायला सांगितलं, त्यांची आठवण घसरली नाही. झूम न केलेला भागही त्यांना आठवत होता.

नंतरच्या वर्षांत इतर संशोधकांनी याची दुसरी बाजू दाखवली. कशाचा फोटो घ्यायचा हे माणूस स्वतः ठरवत असेल, तर त्याला तो अनुभव जास्त आवडतो आणि डोळ्यांनी पाहिलेलं जास्त लक्षात राहतं. मात्र त्याच वेळी कानांवर पडलेलं कमी लक्षात राहतं.

माळावर याचा अर्थ फार सरळ आहे. बटण दाबत सुटलात, तर चाळीस फोटो घरी येतील आणि सकाळ तिथेच राहील. निवडून, निरखून काढलेत, तर दृश्य पक्कं बसेल, पण चंडोलाचं गाणं निसटेल. म्हणून मी आता नव्या जागी पोचलो की आधी दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहतो. कोणता आवाज कुठून येतोय, एवढंच ऐकतो. गंमत म्हणजे पक्षी सापडायला याचा फार उपयोग होतो.

डोंगर निळे का दिसतात

निसर्गदृश्याच्या फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइल पुरतो. लागतो तो प्रकाश, आणि तो फुकट असला, तरी वेळेवर गाठावा लागतो. सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या किरणांना हवेचा जो थर ओलांडावा लागतो, तो भर दुपारच्या तुलनेत तीसपटींहून जाड असतो. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळे एवढ्या प्रवासानंतर आपल्यापर्यंत उरतो तो पिवळा-तांबूस प्रकाश. सकाळचं सोनेरी ऊन म्हणतात ते हेच.

दूरचे डोंगर निळे दिसतात, तेही याच कारणानं. आपण आणि डोंगर यांच्यामधली हवा स्वतःच निळसर प्रकाश विखुरत असते. डोंगर जितका लांब, तितकी मधली हवा जास्त आणि तितका तो फिका निळा. सह्याद्रीतल्या एखाद्या कड्यावरून एकामागोमाग एक रांगा दिसतात, तेव्हा रंगाची प्रत्येक पायरी म्हणजे मधल्या हवेचं मोजमाप असतं. पावसाळा संपताच धूळ धुऊन गेल्यामुळे या पायऱ्या स्वच्छ दिसतात. हिवाळ्यात पहाटे गार हवा खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर-धूळ दरीत अडकते. तेव्हा दरीतलं धुकं सुंदर दिसतं, पण ते सगळंच धुकं नसतं.

सकाळचं ऊन तिरपं असतं, त्यामुळे जमिनीचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. आपल्या डोंगरांचे आडवे थर बघायचे असतील, तर हीच वेळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हारसाचे ते थर दुपारच्या उन्हात सपाट दिसतात आणि सकाळी जिन्यासारखे उठून येतात.

सकाळी लवकर बाहेर पडण्याचा शरीरालाही एक फायदा आहे. डोळ्यांवर पडणारा सकाळचा प्रकाश मेंदूतलं झोप-जागेचं घड्याळ रोज जुळवून देतो. रात्री झोप वेळेवर येण्याची तयारी अशी सकाळीच सुरू होते.

मोबाइलची लांबी

अडचण सुरू होते ती प्राणी-पक्षी दिसले की. मोबाइलची काच मुळात विस्तीर्ण दृश्य टिपण्यासाठी बनवलेली असते. साठ-सत्तर फुटांवरचा पक्षी तिच्यात ठिपक्याएवढा येतो. मग माणूस झूम करतो, चित्र फाटतं, आणि उरलेलं अंतर तो पायांनी भरून काढतो. टिटवीपाशी माझं हेच झालं.

प्रत्येक प्राण्याच्या मनात अंतराच्या दोन रेषा असतात. पहिली ओलांडली की तो काम थांबवून तुमच्याकडे बघतो. दुसरी ओलांडली की पळतो. आपण समजतो की तो पळाला तरच त्रास झाला. खरं तर त्रास पहिल्या रेषेलाच सुरू होतो. चरणारा चिंकारा मान वर करून उभा राहिला, बगळ्यानं मासे धरणं सोडून मान ताणली, टिटवी ओरडू लागली, म्हणजे तुम्ही जास्त जवळ आला आहात. तिथेच थांबा आणि चार पावलं मागे या. तीस पावलं हा काही सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. आकडा तो प्राणी सांगतो.

भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. लाल-गुलाबी पंख उघडलेले दिसावेत म्हणून 'बोट जरा जवळ घ्या, उडू द्या त्यांना' असा आग्रह नावाड्याला करणारे पाहुणे मी पाहिले आहेत. हे पक्षी तिथे पोट भरायला आलेले असतात. प्रत्येक उड्डाणाची किंमत त्यांना खाण्याचा वेळ आणि अंगातली चरबी खर्चून द्यावी लागते. एका बोटीनं फार बिघडत नाही. पण दिवसभरात बोटी किती जातात, ते मोजून पाहा.

कासच्या पठारावर तर पळून जाण्याची सोयही नाही. तिथल्या जांभ्या खडकावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो आणि त्यावर वर्षातल्या काही आठवड्यांपुरती ती फुलं येतात. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या या पठारावर फुलांत बसून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे पुढच्या वर्षीचं बी तुडवणं. मे-जूनमधल्या काजव्यांचंही तसंच. त्यांचा प्रकाश म्हणजे नर-मादीतलं बोलणं. आपल्या टॉर्चनं आणि फ्लॅशनं ते तुटतं. झाडभर काजव्यांचे जे फोटो आपण पाहतो, त्यातले कित्येक फ्लॅशशिवाय, तिपाईवर कॅमेरा ठेवून काढलेली अनेक छायाचित्रं एकावर एक चढवून बनवलेले असतात. मोबाइलनं तसा फोटो येणार नाही. तेव्हा मोबाइल खिशात ठेवून नुसतं बघणंच बरं.

आणि घरटं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना व्यत्यय आणणं हेही येतं. मला हे माहीत नव्हतं. बहुतेकांना नसतं.

मग फोटो काढायचेच नाहीत का? जरूर काढायचे. मी एक सवय बदलली. प्राण्याचा चेहरा जवळून मिळवण्याचा हट्ट सोडला आणि तो जिथे राहतो त्या जागेसकट त्याला टिपायला लागलो. सुपे गावाजवळचं मयूरेश्वर अभयारण्य हे एक लहानसं माळरान आहे. तिथे वाळलेल्या पिवळ्या गवतात, मागे उघडी टेकडी आणि बाजूला एखादी हिवराची फांदी अशा चौकटीत उभा असलेला छोटासा चिंकारा माझ्या मते पूर्ण चौकट भरलेल्या चिंकाऱ्यापेक्षा जास्त काही सांगतो. चेहरा बघायचा, तर दुर्बीण आहे. साधी दुर्बीण भल्यामोठ्या लेन्सपेक्षा स्वस्त पडते आणि तिला मानेवर वागवणंही सोपं.

स्वतःची काळजी

पडद्याकडे बघत मागे सरकणारा माणूस कड्यावर सगळ्यांत असुरक्षित असतो. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात सेल्फी काढताना जगभरात झालेले २५९ मृत्यू एका अभ्यासात मोजले गेले. त्यात सर्वाधिक भारतातले होते. नियम एकच : पाय हलत असतील, तर डोळे जमिनीवर आणि डोळे कॅमेऱ्यात असतील, तर पाय स्थिर.

गवतात बसण्या-लोळण्याचा धोका वेगळा. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवता-झुडपांतल्या अतिसूक्ष्म कोळीवर्गीय किड्यांच्या अळ्या चावल्यानं स्क्रब टायफस होऊ शकतो. ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि काही रुग्णांत चावल्या जागी काळी खपली. वेळेवर ओळखला, तर साध्या, स्वस्त प्रतिजैविकानं तो बरा होतो. उशीर झाला, तर जिवावर बेततो. म्हणून फिरून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना 'मी गवतात बसलो होतो' हे आवर्जून सांगा. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यांत खोचलेली विजार आणि घरी आल्यावर अंघोळ, एवढं तरी कराच.

साप दिसला, तर त्याच्या मागे जाऊ नका. दंश झालाच, तर कापू नका, चोखू नका, आवळपट्टी बांधू नका. तो अवयव न हलवता १०८ क्रमांकावर फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. 'कोणता साप ते कळावं म्हणून' फोटो काढण्याच्या नादात दुसऱ्या माणसाला दंश झाला, असं होऊ देऊ नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांसाठी एकत्रच असतं. गडांवर आग्या मोहोळ असेल, तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा.

फोटोचं पुढे काय

घरी आल्यावर फोटो मोबाइलमध्ये पडून राहतात. ते कामाला लावता येतात. पक्ष्यांसाठी 'ई-बर्ड', सगळ्या सजीवांसाठी 'आय-नॅचरलिस्ट' ही संकेतस्थळं सामान्य माणसांच्या नोंदी घेतात आणि संशोधक त्या वापरतात. तारीख आणि जागा असलेला धूसर फोटोही तिथे उपयोगी ठरतो. मात्र घुबड, दुर्मीळ फूल, घरटं यांचा फोटो समाजमाध्यमांवर टाकताना जागा लिहू नका, आणि मोबाइल फोटोत आपोआप नोंदवतो ते लोकेशनही बंद करा. पुढच्या रविवारी तिथे कोण पोचेल, ते आपल्या हातात राहत नाही.

मी आणखी एक करतो. दर महिन्याला एका ठरावीक दगडावर उभं राहून त्याच दिशेनं एक फोटो काढतो. तीन वर्षांचे फोटो ओळीनं लावले, की गवत हिरवं होतं, पिवळं पडतं, जळतं, पुन्हा उगवतं. आणि डावीकडच्या कोपऱ्यात आधी चुन्याच्या रेषा येतात, मग खांब, मग तार, मग 'प्लॉट विकणे आहे' असा फलक. सरकारदरबारी आणि आपल्या बोलण्यातही माळ म्हणजे पडीक जमीन. तिथे कुणी राहतं, असं आपण धरतच नाही. टिटवीनं ज्या तुकड्यात अंडी घातली होती, तो तुकडा त्या तारेपासून फार लांब नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. बाभळीपाशीच थांबलो. दुर्बिणीतून पाहिलं, तर खळगी रिकामी होती. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि जागा सोडतात. मुंगसानं अंडी नेली, तरी खळगी रिकामीच दिसते. नुसत्या खळगीवरून काही कळण्याजोगं नव्हतं.

बाबा मेंढरांमागून येत होते. मी विचारलं, तर त्यांनी काठीनं पलीकडच्या बोरीकडे दाखवलं. तिथे टिटवीची जोडी एका कुत्र्यावर झेपावत जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

"पोरं असल्याबिगर एवढी भांडती व्हय ती?" बाबा म्हणाले.

मला दुर्बिणीतून गवताशिवाय काही दिसलं नाही. तरी जवळ जाऊन बघितलं नाही. आम्ही दोघांनी मिळून कुत्रं तेवढं हाकललं.